सराव प्रतीवरच्या सत्तेचाळीस सूचना

वहिनींच्या रागाला आवाज नव्हता, ठोका होता. वरच्या खोलीत त्यांची बोटं कीबोर्डवर आपटू लागली, की खाली नणंदेच्या शिवणाच्या दुकानात माप द्यायला आलेली बाई छताकडे बघून विचारायची, "वर सुतारकाम काढलंय का?" नणंद तोंडातल्या टाचण्या न काढता सांगायची, "नाही हो. आमच्या वहिनी कुणाला तरी नम्र उत्तर लिहितायत."

नणंद जिन्याखालून दिवसातून पन्नास वेळा "वहिनी" अशी हाक मारायची. त्यामुळे त्या आधी दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या, मग गल्लीच्या आणि शेवटी एकतीस वेबसाइटींच्या मालकांच्या वहिनी झाल्या. त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा असलेला टायरांचा व्यापारीसुद्धा फोनवर "वहिनी, एक छोटासा बदल होता" असंच सुरू करायचा. छोटासा बदल म्हणजे काय, हे वहिनींना वीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं. भिंतीवरचं चित्र जरा डावीकडे घ्या, असं म्हणत माणूस भिंतच सरकवायला सांगतो.

त्यांचं वय अठ्ठेचाळीस. नवरा मालमोटार चालवायचा, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर असायचा. लग्नाआधी वहिनी एका छापखान्यात मजकूर जुळवायचं काम करत. छापखाना बंद पडला तेव्हा मालक भंगारात घालायला निघालेला संगणक त्यांनी हातगाडीवर टाकून घरी आणला. पहिली साइट शेजारच्या डोळ्यांच्या डॉक्टरची. त्या डॉक्टरने अक्षरं बारीक करायला लावली, मोठी अक्षरं गावंढळ दिसतात म्हणून. डोळ्यांच्या डॉक्टरने. वहिनींनी अक्षरं बारीक केली, आणि त्या दिवसापासून एक सवय लावून घेतली. राग आला की गिऱ्हाइकाला द्यायचं खरं उत्तर आधी पूर्ण लिहून काढायचं, मसुद्यांत ठेवून द्यायचं, आणि मग दुसरं, पाठवायचं उत्तर लिहायचं. न पाठवलेले मसुदे अकराशेच्या वर गेले होते.

त्यांचं काम समजायला अवघड नाही. साइट बांधायची आणि तिच्या मागे एक पॅनेल ठेवायचं, म्हणजे मालकाला मजकूर, फोटो, सूचना स्वतःच बदलता येतात. बांधणारा घर बांधून किल्ल्या देतो तसंच. फरक एवढाच की इथे मालक घरात शिरला की आधी खांब काढून बघतो, आणि छप्पर खाली आलं की बांधणाऱ्याला फोन करून सांगतो, "आपोआप पडलं." आपोआप या शब्दाचा वहिनींना मनापासून संताप यायचा. मोटार शिकवणाऱ्या शाळेच्या मालकाने मुखपृष्ठ पुसलं, तर तेही आपोआप गेलं. "या धंद्यात आपोआप काही होत नाही," वहिनी नणंदेला सांगायच्या. "कुणीतरी केलेलं असतं. आणि ज्याने केलेलं असतं तोच आधी फोन करतो."

मंगळवारी सकाळी दहाला फोन आला तो पाणीपुरवठा कार्यालयातून. त्यांच्या एकतीस साइटींमध्ये सर्वांत मोठी ती. कोणत्या भागात कधी पाणी बंद, कुठे जलवाहिनी फुटली, टाकी कधी धुणार, हे लोकांना कळावं म्हणून बांधलेली. वहिनींच्या कामापैकी निम्मं काम एकट्या या कार्यालयाचं होतं. गेल्याच वर्षी वहिनींनी ती जुनी साइट मोडून नवी उभी केली होती. फोनवर खुद्द संचालक होते.

"तुम्हाला कळलंच असेल," संचालक म्हणाले. "गेल्या गुरुवारी आपण पूर्वेकडचं पाणी बंद केलं. तिथल्या डायलिसिस केंद्राला पत्ताच नाही. अकरा पेशंट मशीनवर, आणि टाकी कोरडी."

वहिनी खुर्चीत सरळ झाल्या. "कुणाला काही झालं?"

"नाही, नाही. रुग्णवाहिकांनी दुसरीकडे हलवले. पण तक्रार वर गेलीय. आणि आता बघतो तर काय, साइटवर सूचनाच नाही. त्या दिवशीचीच नाही असं नाही, आठ महिन्यांत एकही नाही. आपल्या सूचनाबाई आठ महिने नुसत्या बसून होत्या. शुक्रवारी अकरा वाजता बैठक आहे, त्यांना घरी पाठवायचं. तुम्ही फक्त दोन ओळी द्या. साइट नीट चालू होती, एवढंच."

सूचनाबाई म्हणजे तिथल्या कारकून. एकोणतीस वर्षं पाणी बंदच्या सूचना टंकत आलेल्या, म्हणून कार्यालयाने ठेवलेलं नाव. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. आता काढलं तर एकोणतीस वर्षांची नोकरी बट्टा लागून संपणार होती, हे वहिनींना समजत होतं. पण त्यांनी साइट उघडली, सूचनांचं पान उघडलं, आणि ते खरोखरच कोरं होतं. नवी साइट सुरू झाली त्या दिवशी वहिनींनीच टाकलेली एक स्वागताची ओळ, आणि खाली काही नाही. मागच्या पॅनेलमध्ये पाहिलं, तिथेही सूचनाबाईंच्या नावावर एक अक्षर नव्हतं.

खाली नणंदेच्या छतावर ठोके सुरू झाले. अकरा पेशंट मशीनवर, आणि ही बाई आठ महिने पगारी झोपा काढते. शिकवायला स्वतः तीन दिवस गेले होते मी. एकेक बटण हातात हात धरून दाखवलं होतं. वहिनींनी दहा मिनिटांत अहवाल लिहिला: संकेतस्थळ संपूर्ण काळ सुरळीत चालू होते, सदर कर्मचाऱ्याने पॅनेलमध्ये एकही सूचना भरल्याची नोंद आढळत नाही. सही करून पाठवून दिला. वीस वर्षांत प्रथमच त्यांना मसुदा वेगळा ठेवावा लागला नाही. रागाचं उत्तर आणि पाठवायचं उत्तर एकच होतं.

दुपारी तीनला जिन्यावर पावलं वाजली, मध्ये एकदा थांबली, परत वाजली. सूचनाबाई दारात उभ्या राहिल्या. ठेंगण्या, केस घट्ट बांधलेले, काखेत एक जाड वही. मागून नणंदेची मान डोकावली, "वहिनी, या तुम्हाला विचारत होत्या," आणि मान तिथेच राहिली.

"बसते," सूचनाबाई म्हणाल्या आणि बसल्या. "तुम्ही लिहून दिलंत म्हणे, की मी काही टाकलं नाही."

"जे दिसलं ते लिहिलं."

"मग तुम्हाला नीट दिसत नाही." त्यांनी वही मांडीवर उघडली. "गुरुवारची सूचना. बुधवारी सकाळी दहा चाळीसला टाकली. इथे लिहिलंय. त्याच्या आधीची, पश्चिमेची टाकी, सोमवारी सव्वाचारला. सगळ्या आहेत. सत्तेचाळीस."

"वहीत काहीही लिहिता येतं, बाई."

"खोटी वही लिहायची असती तर आठ महिन्यांपूर्वीपासून कशाला लिहिली असती? तेव्हा मला स्वप्न पडलं होतं का?"

दारातून नणंद म्हणाली, "हे बरोबर आहे."

"तुम्ही खाली जा," वहिनी म्हणाल्या.

"जाते. बाही लावायची राहिलीय." ती गेली नाही.

वहिनींनी पडदा सूचनाबाईंकडे वळवला. "हे बघा. हे तुमचं पान. कोरं. तुम्ही टाकलीत तर कुठे गेली? उडून?"

सूचनाबाईंनी पान पाहिलं. त्यांचा चेहरा गोंधळला, पण आवाज नाही. "हे असं मला कधी दिसलं नाही. मी टाकते, वर हिरवी पट्टी येते, सूचना प्रसिद्ध झाली म्हणून. मग तुम्ही शिकवलं होतं तसं 'पाहा' दाबून बघते. दिसते मला. दरवेळी दिसते. माझा फोन हा असा, बटणांचा. यावर काही उघडत नाही. कार्यालयातल्या माझ्या संगणकावरच बघते."

"दिसते म्हणजे तुम्हाला वाटतं."

"मला वाटत नाही, दिसते. महिनाभर दिसत राहते. एक तारखेला तुम्ही जुन्या काढून टाकता, तोवर."

वहिनींचा हात माउसवर होता, तो तिथेच राहिला. "काय काढते मी?"

"जुन्या सूचना. एक तारखेला सकाळी येऊन बघावं तर पान रिकामं. मी म्हटलं, बरी सोय केलीय, शिळं राहत नाही. आपोआप साफ होतं."

एक तारीख. प्रत्येक मोठ्या साइटीची त्या दोन रूपं ठेवत. एक खरी, जी लोकांना दिसते. दुसरी तिची सराव प्रत, हुबेहूब तशीच, पण फक्त शिकण्यासाठी आणि नवं काही जोडून बघण्यासाठी. तिथे काही मोडलं तरी कुणाचं नुकसान नाही, आणि तिथे काही टाकलं तर बाहेर कुणाला दिसतही नाही. दर महिन्याच्या एक तारखेला पहाटे खऱ्या साइटीची ताजी नक्कल सराव प्रतीवर चढते आणि तिथलं सगळं पुसलं जातं. हा प्रोग्राम वहिनींनी स्वतः लिहून ठेवला होता.

"मी बघते," त्या म्हणाल्या. "तुम्ही जा आता."

"काय बघता?"

"बघते म्हटलं ना."

सूचनाबाई काही क्षण त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग वही मिटून उठल्या. जिन्यावर या वेळी पावलं कुठे थांबली नाहीत.

नोंदी वहिनींकडेच होत्या. कोण कधी आत आलं, काय केलं, याची वर्षभराची यादी सर्व्हर ठेवतो आणि ती एकट्या वहिनींना दिसते. सराव प्रतीची यादी त्यांनी उघडली. पहिलीच ओळ गेल्या बुधवारची, दहा वाजून एकेचाळीस मिनिटं. वहीत दहा चाळीस होतं. त्या मोजत खाली गेल्या. सत्तेचाळीस.

मग त्यांना तो दिवस आठवला. शिकवताना त्यांनी सूचनाबाईंना सराव प्रतीवर बसवलं होतं, चुका झाल्या तर झाल्या म्हणून. कार्यालयातल्या संगणकावर साइटीची खूण, दाबला की साइट उघडते असा पिवळा तारा, वहिनींनी स्वतःच्या हाताने लावून दिला होता, आणि तो सराव प्रतीचा होता. त्यात धोका नव्हता, कारण सराव प्रतीच्या माथ्यावर त्या नेहमी एक जाड लाल पट्टी ठेवत: ही सराव प्रत आहे. आंधळ्यालाही कळेल अशी. पण त्याच आठवड्यात कार्यालयावरच्या मंडळाचे सभासद नवी साइट बघायला येणार होते, आणि सराव प्रतच पडद्यावर दाखवायची होती. संचालक म्हणाले, "ती लाल पट्टी तेवढी काढा. आग लागल्यासारखं दिसतं." वहिनींनी काढली. मनात त्यांना शिव्या घालत काढली, घरी येऊन त्यावर दोन पानी मसुदा लिहिला, आणि त्या रागाच्या भरात पट्टी परत लावायची विसरून गेल्या. ताराही बदलायचा राहिला.

आठ महिने एक बाई आरशातल्या पाटीवर सूचना लिहीत होती, आणि आरसा वहिनींनी लावला होता.

त्या दुपारी त्यांना जो राग आला त्याला धरायला जागा मिळेना. सूचनाबाईंचा राग: पडद्यावर साइटीच्या पत्त्याच्या चौकटीत काय लिहिलंय ते एकदा वाचायला काय झालं होतं? पण वाचून त्यांना कळलं काय असतं. संचालकांचा राग: त्याला पट्टी खुपली. पण पट्टी परत लावायचं काम त्यांचं नव्हतं. साइट सुरू झाल्यापासून वहिनी खऱ्या साइटीवर पाच वेळा गेल्या होत्या, आणि पाचही वेळा संचालकांचा फोटो बदलायला. एकदा टाय वाकडा होता, एकदा मागे झाडाची कुंडी आली होती. तिसऱ्या वेळी मुखपृष्ठावरची ताज्या सूचनांची चौकट काढून तिथे फोटो मोठा करायला लावला. तेव्हा ती चौकट रिकामी आहे हे वहिनींनी पाहिलं होतं. पाहिलं, आणि बरं झालं, काढायला सोपी, असं म्हणून काढली होती. हे आठवल्यावर त्या उठून खिडकीपाशी गेल्या आणि परत येऊन बसल्या.

बुधवार त्यांनी कुणालाही फोन न करता घालवला. गुरुवारी दुपारी नणंद वर आली, हातात एक झंपर आणि तोंडात टाचण्या नाहीत, म्हणजे बोलायला आलेली.

"दोन दिवस सुतारकाम बंद आहे," ती म्हणाली. "गिऱ्हाइकं विचारतायत, वर कुणी आजारी आहे का."

वहिनींनी सगळं सांगितलं. नणंदेने मध्ये एकही शब्द टाकला नाही, ही तिच्या आयुष्यातली दुर्मीळ गोष्ट. मग म्हणाली, "हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"कुणाला नाही. नोंद मलाच दिसते."

"आणि तुमचा कागद साहेबाकडे गेलेला आहे."

"सहीनिशी."

"म्हणजे गप्प बसलात तर तुम्हाला काही नाही."

"काही नाही."

"आणि बोललात तर निम्मं काम गेलं."

"निम्म्याहून जास्त. एकाला कळलं की बाकीचे तीसही विचारणार, आमच्या साइटीचं काय म्हणून."

नणंदेने झंपर उलटा करून शिवण बघितली. "माझ्याकडे परवा एक बाई आली. म्हणाली, तुम्ही खांद्यात घट्ट केलंत. मी म्हटलं, तुम्ही जाड झालात. ती गेली. नंतर वही काढली, तर माप मीच चुकीचं उतरवलेलं."

"मग?"

"मग काय, दुसऱ्याच्या अंगाला दोष दिला ना मी. तो झंपर तिथेच पडलाय, आणि माझं बघवत नाही त्याच्याकडे." ती दाराशी गेली. "मी तुम्हाला काही करा म्हणत नाही हं. तुम्हाला सांगणारी मी कोण. तुम्ही मोठ्या वहिनी."

"तुम्हाला टोमणा मारायला कारण लागत नाही."

"लागतं. पण ते तुम्ही देता."

संध्याकाळच्या आत ठोके परत सुरू झाले आणि बराच वेळ चालू राहिले.

शुक्रवारी अकरा वाजता बैठकीच्या खोलीत सात माणसं होती. लांब टेबलाच्या टोकाला संचालक. त्यांच्या डाव्या हाताला दोन अधिकारी, त्यांच्यासमोर मंडळाचा एक सभासद. खिडकीपाशी डायलिसिस केंद्राच्या सिस्टर, पांढऱ्या कपड्यांत, कामावरून थेट उठून आल्यासारख्या, घड्याळाकडे बघत. भिंतीलगत, टेबलापासून लांब ठेवलेल्या एका खुर्चीवर सूचनाबाई. वहिनींना टेबलाशी जागा मिळाली.

"फार वेळ घ्यायचा नाही," संचालक म्हणाले. "तांत्रिक अहवाल आलेला आहे. तो या वाचून दाखवतील, मग आपण ठराव करू."

"तो अहवाल चुकीचा आहे," वहिनी म्हणाल्या. "मी दुसरा आणलाय."

संचालक हसले, समजुतीने. "चुकीचा म्हणजे? तुमचीच सही आहे."

"माझीच. तो मी न तपासता लिहिला. या बाईंनी आठ महिन्यांत सत्तेचाळीस सूचना टाकल्या. प्रत्येकीची वेळ माझ्याकडे आहे. गुरुवारच्या पाणी बंदची सूचना त्यांनी आदल्या दिवशी दहा एकेचाळीसला टाकली. पण ती साइटवर नाही, साइटीच्या सराव प्रतीवर पडली, कारण त्यांच्या संगणकावर मी सराव प्रतीचा पत्ता लावून ठेवला होता. ती सराव प्रत आहे हे सांगणारी लाल पट्टी होती, ती मी काढली आणि परत लावली नाही."

सभासदाने विचारलं, "सराव प्रत म्हणजे?" आणि वहिनींनी दोन वाक्यांत सांगितलं. भिंतीकडे त्यांनी पाहिलं नाही.

"म्हणजे चूक तुमची," संचालक म्हणाले. त्यांचा आवाज आता मऊ नव्हता.

"माझी."

"अकरा लोकांचा जीव गेला असता."

"हो."

"आणि मंगळवारी तुम्ही आम्हाला खोटं लिहून दिलंत."

"मंगळवारी चुकीचं लिहून दिलं. काल-परवा गप्प बसले, ते खोटं."

"मग आता याला," संचालकांनी हात पसरला, "याला आम्ही काय समजायचं? आमचा विश्वास होता तुमच्यावर. आम्ही गाड्या बंद केल्या, गल्लोगल्ली भोंगा लावून सांगायच्या. वर्तमानपत्रातली सूचना बंद केली. का? साइट आहे म्हणून. आणि तुम्ही आमच्या तोंडाला पानं पुसलीत."

इथपर्यंत वहिनी ठरवून शांत होत्या. आता त्यांनी हातातले कागद टेबलावर आपटले.

"साहेब, साइट आहे म्हणून गाड्या बंद केल्यात, तेव्हा साइट उघडून बघितलीत का? माझी चूक मी तीन वेळा सांगितली, चौथ्यांदा सांगते. पण कोणतं पान किती वेळा उघडलं याचीही नोंद असते. या इमारतीतून आठ महिन्यांत तुमच्या फोटोचं पान तीनशे बारा वेळा उघडलं गेलं. सूचनांचं पान, तक्रार येईपर्यंत, एकदाही नाही. एकदा जरी कुणी उघडलं असतं तरी दुसऱ्याच दिवशी कळलं असतं. लोकांनी उघडलं. त्यातल्या एकोणीस जणांनी साइटीवरूनच लिहून कळवलंय, सूचना दिसत नाहीत म्हणून. ती पत्रं तुमच्या टपालपेटीत पडलीत. ती पेटी कुणी उघडत नाही, कारण तिचा पासवर्ड ज्यांना माहीत होता ते गेल्या वर्षी निवृत्त झाले. मी पट्टी विसरले. तुम्ही सगळं कार्यालय विसरलात. आणि काढायचं कुणाला, तर जिने एक दिवस चुकवला नाही तिला."

एका अधिकाऱ्याने कागद सारखे केले. सभासद म्हणाला, "आवाज जरा खाली, बाई."

"नाही येत खाली. वीस वर्षं खालीच होता."

खिडकीजवळच्या सिस्टर उठल्या. त्यांचा राग वेगळा होता, थकलेला. "मला दोन वाजता परत मशीन लावायच्यात," त्या म्हणाल्या. "कोण चुकलं ते तुम्ही ठरवा, माझं त्यावाचून अडलेलं नाही. मला एवढंच सांगा, पुढच्या आठवड्यात आमच्याकडे पाणी कधी बंद आहे?"

एक अधिकारी म्हणाला, बघून कळवतो. दुसरा म्हणाला, बहुतेक नाही.

"बुधवारी," भिंतीकडून आवाज आला. सूचनाबाई बसल्या जागेवरून, वही न उघडता म्हणाल्या. "सकाळी सहा ते दुपारी दोन. टाकी धुणार. तुमची लाइन त्याच टाकीवर आहे. आदल्या रात्री भरून ठेवा, आणि आठच्या पाळीचे पेशंट पुढे ढकला."

सिस्टरनी ते हाताच्या तळव्यावर पेनने लिहून घेतलं आणि निघून गेल्या. त्यानंतर ठराव करायला कुणाला फारसा उत्साह राहिला नाही. सूचनाबाईंचं प्रकरण बंद. भोंग्याच्या गाड्या सोमवारपासून परत सुरू. वहिनींचं काम महिनाअखेर बंद, तोवर सगळं नव्या माणसाच्या हाती सोपवायचं. संचालकांनी हे शेवटचं वाचताना मान वर केली नाही. वहिनींनीही सही करताना केली नाही.

व्हरांड्यात सूचनाबाई उभ्या होत्या. वहिनींना वाटलं, त्या आभार मानतील, आणि ते ऐकून घेणं सर्वांत अवघड जाईल. तसं काही झालं नाही.

"तुम्हाला मंगळवारीच कळलं होतं," सूचनाबाई म्हणाल्या. "एक तारखेचं बोलले तेव्हा. तुमचं तोंड बघितलं मी."

"हो."

"तीन दिवस. माझी मुलगी रजा काढून घरी बसली, मी काही बरंवाईट करीन म्हणून. जावयाने विचारलं, आई, खरं सांगा, टाकत होता ना. जावयाने. आणि तुम्ही म्हणालात, बघते."

"मी घाबरले होते."

"मी नव्हते?" त्या दोन पावलं पुढे आल्या. "आठ महिने मी कुणासाठी लिहीत होते? भिंतीसाठी? प्रत्येक सूचना दोनदा वाचून टाकायची, वेळ चुकू नये, गल्लीचं नाव चुकू नये. एकदा ताप होता तरी आले, मुख्य वाहिनी फुटली होती म्हणून. ती कुणी वाचली? तुम्ही तरी वाचलीत?"

"नाही."

"मग आत टेबलाशी मोठ्याने बोललात म्हणून मी तुमच्या पाया पडावं असं वाटत असेल, तर पडणार नाही."

"मी म्हटलं नाही तसं."

"बरं. चला माझ्या टेबलाशी. बुधवारची सूचना टाकायचीय."

दुसऱ्या मजल्यावर, फायलींच्या कपाटामागे सूचनाबाईंचं टेबल होतं. वहिनींनी जुना तारा काढून खऱ्या साइटीचा लावला. सूचनाबाईंनी तो दाबण्याआधी चष्मा लावून पत्त्याची चौकट अक्षर न् अक्षर वाचली आणि वहीत उतरवून घेतली. मग सूचना टंकली. दोनदा वाचली. बटण दाबलं. हिरवी पट्टी आली.

"ही तर पूर्वीही यायची," त्या म्हणाल्या. "तुमचा फोन दाखवा."

वहिनींनी फोनवर पान उघडून दाखवलं. सूचना तिथे होती.

"तुमचा फोन तुमचाच. तुम्ही त्यात काहीही दाखवाल. खाली फाटकावर रखवालदार आहे, त्याच्या फोनवर बघून या."

वीस वर्षांत कुठल्या गिऱ्हाइकाने त्यांना असं धाडलं नव्हतं, आणि धाडलं असतं तर त्या रात्री दोन पानी मसुदा झाला असता. त्या दोन जिने उतरून फाटकाशी गेल्या. रखवालदाराचा फोन जुना, काचेला तडा गेलेला, पान उघडायला त्याने बराच वेळ घेतला. ऊन डोक्यावर होतं. रखवालदाराने हाताचा आडोसा करून, एकेक शब्द लावत सूचना शेवटपर्यंत वाचली.

"बुधवारी म्हणजे आमच्याकडे पण का हो?" त्याने विचारलं.

"कुठे राहता?"

त्याने सांगितलं. वहिनींना माहीत नव्हतं. त्यांनी त्याला थांबायला सांगितलं आणि विचारायला परत वर गेल्या.